किंग कँप जिलेट : वस्तऱ्याचा प्रतिस्पर्धी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या नामांकित पुरुषाचे चरित्र द्यावे असा प्रघात आहे. आजवर या पानांवर संतांची, समाजसुधारकांची आणि ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे आली व ती वाचकांनी आवडीने वाचली. या वर्षी हे काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही एका अमेरिकन व्यापाऱ्याचे नाव सुचविले. ते ऐकून बैठकीत क्षणभर कोणीच बोलेना. मग एका वडीलधाऱ्या सभासदांनी, ज्याने आपल्या पोटावर पाय दिला त्याचेच चरित्र आपण छापावे काय, असा रोकडा सवाल केला. सवाल रास्त होता. त्याचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. ते शोधावे म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला, असे म्हटले तरी चालेल.

त्या माणसाचे नाव किंग कँप जिलेट. जिलेट हे दाढीच्या ब्लेडचे नाव म्हणून आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ते एका हाडामांसाच्या माणसाचे आडनाव होते, त्यालाही रोज सकाळी आरशासमोर उभे राहून आपल्या हाताने दाढी करावी लागे, आणि त्याच्या शोधाचा उगम एका बोथट वस्तऱ्यात आहे, हे थोड्यांनाच माहीत असते.

त्याने काय केले हे कळण्यासाठी आधी वस्तरा कळला पाहिजे. वस्तरा म्हणजे आम्ही अखंड पोलादी पात्याचा जुना वस्तरा म्हणतो. आजच्या दुकानांत असतो तो ब्लेड अडकविण्याचा नव्हे. आमच्या तीर्थरूपांच्या धोकटीत असे दोन वस्तरे असत. एक रोजच्या कामाचा आणि दुसरा ठेवणीतला. ठेवणीतल्याच्या पात्यावर, दांड्याजवळ, शेफिल्ड हे इंग्लंडातील गावाचे नाव इंग्रजी अक्षरांत ठोकलेले होते. इंग्लंडात शेफिल्ड आणि जर्मनीत झोलिंगेन ही दोन गावे वस्तऱ्यांसाठी जगभर नावाजलेली. आम्ही इंग्रजी मुळाक्षरे शिकलो तेव्हा पुस्तकाबाहेर वाचलेला पहिला इंग्रजी शब्द तो होता. तीर्थरूपांना अक्षरओळख बेताचीच. पण ते नाव बोटाने चाचपून ते वस्तरा ओळखीत.

चांगल्या वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि दोन्ही अंगे आतून पोखरल्यासारखी घासून पाते धारेकडे कागदासारखे पातळ केलेले असते. यात मोठे शहाणपण आहे. पथरीवर धार लावताना पाते आडवे, अगदी सपाट ठेवावयाचे, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. कोन मोजण्याची गरज पडत नाही. वस्तरा घडविणाऱ्याने तो पाठीच्या जाडीतच बसवून दिलेला असतो. पथरीवर धार पुढे करून पाते फिरवावयाचे आणि चामड्याच्या पट्ट्यावर त्याच्या उलट, पाठ पुढे करून. यात गफलत झाली की चामडेही कापले जाते आणि धारही जाते. आम्ही दहा वर्षांचे असताना मोठ्या हौसेने हा प्रयोग केला आणि एका क्षणात दोन्हींचे नुकसान केले. तीर्थरूपांनी मारले नाही. संध्याकाळभर ते पथरीवर पाण्याचे थेंब टाकीत बसले आणि नखावर धार पारखून पाहत राहिले. आम्ही पुढे शिक्षक झालो त्यात त्या संध्याकाळचाही वाटा असावा.

दाढीचा केस दिसतो तेवढा मऊ नसतो. दाढी झाली की पात्याची अतिसूक्ष्म कड जागोजाग वाकते. चामड्यावर फिरविले की ती सरळ होते. म्हणून दाढीपूर्वी पट्टा, आणि शक्य असेल तर एका दाढीनंतर पात्याला विश्रांती. युरोपातील श्रीमंत लोक सात वस्तऱ्यांची पेटी बाळगीत. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक वस्तरा. परंतु चामडे किती दिवस साथ देणार? काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अशी वेळ येते की पट्ट्यावर कितीही फिरविले तरी धार येत नाही. मग पथरीच हवी, आणि पथरीवरचा हात सर्वांना साधत नाही. विलायतेत किंवा अमेरिकेत लोक घरी वस्तऱ्याने दाढी करीत तरी अशा वेळी तो वस्तरा घेऊन त्यांना न्हाव्याकडे किंवा सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराकडे जावे लागे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. जिलेटची सारी कथा या एका खेपेभोवती फिरते.

जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील फॉन्ड डू लॅक या गावी झाला. किंग हे त्याचे नावच होते, पदवी नव्हे. कँप हे आईचे माहेरचे आडनाव. वडील खटपट्या वृत्तीचे, नवनवी यंत्रे जुळविण्याचा नाद असलेले. आई फॅनी हीही कर्तबगार बाई. १८८७ साली निघालेला तिचा पाककृतींचा ग्रंथ अमेरिकेत पुष्कळ वर्षे घरोघरी वापरला गेला. कुटुंब शिकागोस राहावयास आले आणि १८७१ च्या शिकागोच्या प्रचंड आगीत त्यांचे होते नव्हते ते गेले. किंग तेव्हा सोळा वर्षांचा होता. शिक्षण सुटले. लोखंडी सामानाच्या दुकानात नोकरी, आणि पुढे गावोगाव फिरून माल खपविणाऱ्या विक्रेत्याचा पेशा. वडिलांचा नाद मुलातही उतरला होता. फावल्या वेळात तोही काही ना काही जुळवी, त्यावर सरकारी हक्क घेई. पैसा मात्र त्यातून मिळाला नाही.

१८९१ च्या सुमारास तो विल्यम पेंटर या संशोधकाच्या कंपनीत नोकरीस लागला. सोड्याच्या बाटलीवर कडेने दुमडलेले पत्र्याचे जे झाकण असते ते याच पेंटरचे. एकदा उघडले की ते झाकण निकामी, आणि दर बाटलीला नवे लागावयाचे. या पेंटरने जिलेटला सल्ला दिला की, तूही असेच काही शोध, जे माणूस एकदा वापरील, टाकून देईल आणि पुन्हा घ्यावयास येईल. सल्ला व्यापारी होता, त्यात थोरपणा शोधण्याचे कारण नाही. जिलेटने तो मनावर घेतला, इतका की त्याने माणसाला लागणाऱ्या वस्तूंची नावे वर्णाक्षरांच्या क्रमाने काढून तपासून पाहिली असे सांगतात.

पण याच काळात त्याच्या डोक्यात दुसरेही काही शिजत होते, आणि आमच्या मते हा माणूस खरा कळतो तो इथेच. १८९४ साली त्याने एक पुस्तक छापले. त्यात दाढीचा उल्लेखही नव्हता. जगातील सारे अनर्थ व्यापारातील चढाओढीतून निर्माण होतात; तेव्हा सर्व धंदे एकत्र करून सर्व जनतेच्या मालकीची एकच संस्था करावी; देशातील बहुतेक लोकांनी नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच अवाढव्य नगरात राहावे; गरिबी राहू नये, अशी त्याची योजना होती. गिऱ्हाइकाने वस्तू टाकून पुन्हा विकत घ्यावी यासाठी जो रात्रंदिवस झुरत होता तोच व्यापार नाहीसा करण्याचा आराखडा मांडीत होता. कोणी यास ढोंग म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. एका हाताने पोट भरावे आणि दुसऱ्या हाताने जग सुधारावे असे वाटणारी माणसे आमच्या शिक्षकी पेशात आम्ही पुष्कळ पाहिली.

१८९५ चा उन्हाळा. जिलेट चाळीस वर्षांचा, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी राहत होता. एका सकाळी दाढीसाठी त्याने वस्तरा उचलला तो बोथट. पट्ट्यावर फिरविला, उपयोग होईना. आता तो न्हाव्याकडे किंवा कारागिराकडे धार लावावयास नेणे भाग होते. वस्तरा हातात धरून तो आरशासमोर उभा राहिला आणि त्याच्या मनात आले की, दाढी करते ती केवळ धार. मग त्या एवढ्याशा धारेसाठी पाठीचे हे जाड पोलाद, ते घडविण्याचे श्रम आणि जन्मभर ती धार राखण्याची यातायात कशाला? पातळ पोलादी पट्टीच्या दोन्ही कडांना धार लावावी, ती दोन चकत्यांमध्ये आवळून धरावी, खाली मूठ असावी. बोथट झाली की पट्टी टाकून द्यावी. बाजारातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या कमानीची पोलादी पट्टी, कानस आणि लहान हातशेगडा आणून त्याने पहिला ओबडधोबड नमुना घरीच केला. पत्नी त्या वेळी ओहायो राज्यात माहेरी गेली होती. आपले दैव उघडले अशा आशयाचे पत्र त्याने तिला लिहिले.

दैव उघडावयास मात्र आठ वर्षे लागली. दाढीला इजा होऊ नये म्हणून कंगवा किंवा पट्टी लावलेले वस्तरे त्यापूर्वीही निघाले होते. अमेरिकेत कँपफे बंधूंचा तसा वस्तरा १८८० पासून होता. पण त्यांचे पाते जुन्या वस्तऱ्याचाच एक जाड तुकडा असे आणि त्यालाही पट्टा व पथरी लागेच. जिलेटचे वेगळेपण पात्याच्या पातळपणात होते, आणि नेमके तेच कोणाला साधेना. पोलाद तापवून एकदम थंड केले की कडक होते हे आपण जाणतोच. पण पत्रा इतका पातळ असला की तो या क्रियेत वेडावाकडा होतो, त्याला धार धरत नाही. बॉस्टनच्या नामांकित तंत्रविद्यालयातील जाणकारांनी हा नाद सोड असे त्याला सांगितले. मित्रमंडळीत तो थट्टेचा विषय झाला. जिलेटने पुढे कबूल केले की, आपण रीतसर तंत्रशिक्षण घेतले असते तर आपणही तो नाद सोडला असता. शिक्षकाच्या कानाला हे वाक्य गोड लागत नाही, पण ते खरे असावे.

अखेर त्याला विल्यम निकरसन हा माणूस भेटला. तो त्याच तंत्रविद्यालयात शिकलेला. १९०१ साली कंपनी स्थापन झाली आणि पातळ पोलाद न वाकविता कडक करण्याची व त्याला यंत्राने धार लावण्याची कृती निकरसनने बसविली. आमच्या मते ब्लेडचे निम्मे श्रेय त्याचे आहे. कंपनीला त्याचे नाव न देण्याचे कारणही गमतीचे सांगतात: त्या नावाच्या आरंभी इंग्रजीतील खरचटणे या अर्थाचा शब्द येतो, आणि दाढीच्या सामानावर तो कोण छापील! १९०२ साली कंपनीस जिलेटचे नाव मिळाले.

१९०३ हे विक्रीचे पहिले वर्ष. त्या साली एकंदर ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला. किंमत पाच डॉलर, त्या काळच्या मानाने चांगलीच भारी, तरीही लोक घेत होते. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी सरकारी हक्क मिळाला. ब्लेडच्या वेष्टनावर जिलेटचा चेहरा आणि सही छापली जाऊ लागली, आणि थोड्याच वर्षांत तो चेहरा जगातील अतिपरिचित चेहऱ्यांपैकी एक झाला. त्या चित्रात त्याला झुबकेदार मिशा आहेत, ही गोष्ट आम्हांस नेहमी मौजेची वाटते.

अमेरिकेतील न्हाव्यांचे काय झाले? त्या काळी तिकडे दाढी हा दुकानाचा मोठा आधार होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे साबणाचे पेले, त्यांवर ज्याचे त्याचे नाव घातलेले, दुकानाच्या फळीवर ओळीने मांडलेले असत. दक्षिणेकडील शहरांत गोऱ्यांची दाढी करण्याचे काम पुष्कळदा कृष्णवर्णीय कारागिरांच्या हाती असे आणि त्यांतील काहींनी त्यावर चांगली मालमत्ता केली होती. घरोघर रेझर आला तसे ते पेले फळ्यांवरून उतरले. मग पहिले महायुद्ध आले. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा तोंडावर घट्ट बसावा म्हणून शिपायाची दाढी गुळगुळीत हवी. सरकारने ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक ब्लेडे सैन्यासाठी घेतली. लाखो तरुण रोज आपली दाढी आपण करण्याची सवय घेऊन घरी परतले. सवय एकदा गेली की गिऱ्हाईक परत येत नाही, हे आपल्या धंद्यातील कोणास सांगावयास नको.

आमच्या गावी हीच गोष्ट १९७० च्या सुमारास घडली. तीर्थरूप वाड्यावाड्यांवर जात. खळ्यावरचे धान्य वर्षाकाठी मिळे. एका घरच्या मुलाने मुंबईहून सेफ्टी रेझर आणला आणि त्या घरची दाढी बंद झाली. केस कापण्यापुरते बोलावणे राहिले. मग दुसरे घर, तिसरे घर. धान्याचे माप हळूहळू आखडले. तीर्थरूप यावर कधी बोलले नाहीत. एकदा मात्र त्या मुलाकडून त्यांनी ब्लेड मागून घेतले, उजेडाकडे धरून दोन्ही कडा पाहिल्या, नखावर लावून पाहिले आणि धार चोख आहे असा अभिप्राय देऊन परत केले. घरी येताना वाटेत ते फार हळू चालत होते एवढे आम्हांस आठवते.

इकडे जिलेट पैशाने गडगंज झाला, पण कारखाना त्याच्या हाती राहिला नाही. भांडवलदार भागीदाराशी त्याचे बिनसले आणि १९१० च्या सुमारास त्याने आपले बहुतेक भाग विकले. अध्यक्ष हे नाव आणि वेष्टनावरचा चेहरा तेवढा उरला. मन जुन्याच योजनेत होते. त्याच साली जगातील सर्व उद्योग एकवटणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून त्याने माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट यांनी नकार दिला. जिलेट खचला नाही. १९२४ साली त्याच विषयावर त्याचे आणखी एक पुस्तक निघाले. त्याच्या ब्लेडवर लोकांचा भरवसा, त्याच्या विचारांवर कोणाचाच नाही.

उतारवयात तो कॅलिफोर्नियात जाऊन राहिला, जमिनी घेतल्या, मोठे घर बांधले. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. १९३० साली कंपनी एका प्रतिस्पर्धी कंपनीत मिसळली तेव्हा नफ्याचे जाहीर आकडे फुगविलेले होते असे उघडकीस आले आणि भागांची किंमत आणखी घसरली. ती प्रतिस्पर्धी कंपनी कोणती, तर ज्या रेझरमध्ये ब्लेड न काढता पट्ट्यावर फिरवून धार देता येई, तो विकणारी! जो पट्टा जिलेटने जगातून हद्दपार करावयाचा विडा उचलला होता, त्या पट्टेवाल्यांच्याच हाती अखेर त्याच्या नावाची कंपनी गेली. संपत्तीचा मोठा भाग गमावून ९ जुलै १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, तो लॉस एंजेलिस येथे वारला. त्याच्या नावाची कंपनी पुढे पुष्कळ वाढली आणि २००५ साली एका दुसऱ्या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली.

आता त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या सवालाकडे येतो. जिलेटने आमच्या घरचे धान्य कमी केले हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याने आपल्याकडून जी गोष्ट खरोखर काढून घेतली ती दाढी नव्हे, धार होय. पथरीवरचा तो हात, नखावरची ती पारख, पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेली, ती त्याने यंत्राच्या पोटात घातली आणि कोणासही पैशाला मिळेल अशी केली. शाळेत मुलांच्या दप्तरांतून पेन्सिली तासण्याची अर्धी ब्लेडे आम्ही वर्षानुवर्षे जप्त केली. दर वेळी वाटे की, तीर्थरूपांनी संध्याकाळ खर्चून आणलेली धार ही पोरे खडूच्या डबीत घेऊन फिरतात. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, एकाच वस्तऱ्याने एकामागून एक गिऱ्हाइकांची दाढी करण्यात रोग पसरण्याचा धोका होता. एड्सचे नाव गावोगाव पोचल्यावर गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवताच नवे ब्लेड आहे ना, हे विचारू लागले. त्या वेळी दुकाने तगली ती ब्लेडच्याच आधारावर. हल्ली युरोप-अमेरिकेत हौशी लोक शेफिल्ड-झोलिंगेनचे जुने वस्तरे जुन्या बाजारातून शोधून आणतात, पथरीवर लावतात आणि त्यांनी दाढी करतात असे ऐकतो. त्यांचे कौतुक वाटते. त्यांना त्यावर पोट भरावयाचे नसते.

तीर्थरूपांचा शेफिल्डचा वस्तरा आमच्या ट्रंकेत तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. आमच्या पुतण्याचे तालुक्याच्या गावी सलून आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या खुर्चीत बसलो होतो. त्याने ब्लेड कागदाच्या वेष्टनातच दोन बोटांनी वाकवून मधोमध मोडले, अर्धे वस्तऱ्यात सरकविले, अर्धे कागदात गुंडाळून ठेवले आणि डाव्या हाताने आमच्या गालाची कातडी ताणली. त्या डाव्या हाताचा अंगठा हुबेहूब तीर्थरूपांसारखा टेकला होता. त्याने तो वस्तरा कधी पाहिलेला नाही. या खेपेस गावी गेलो की दाखवू.